बेडशाचे घर आणि माटुंग्याची खोली

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची, व अलीकडे स्त्रियांचीही, छायाचित्रे छापली जातात. त्यांखालचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. वडील अमुक साली मुंबईस आले, हालअपेष्टा सोसून स्थिर झाले, मुलांना शिकविले. हा मजकूर खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे. जो पुरुष गाव सोडून निघाला त्याच्या मागे घरात कोण राहिले, गावचे काम कोणी ओढले, आणि मुंबईच्या खोलीतील चुलीवर शिजणारा तांदूळ कोठून येत होता, हे त्यात नसते. म्हणून प्रस्तुत लेखाकरिता आम्ही पवन मावळातील बेडसे गावचे एक सुतारघर घेतले आहे. ते आमचेच घर आहे. दुसऱ्या कोणाच्या घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडण्यापेक्षा आपल्याच घरची मांडावीत, हे बरे.

बेडसे हे कामशेतच्या दक्षिणेस सुमारे दोन कोसांवर असलेले लहानसे गाव. लोहगड-विसापूरची डोंगररांग पूर्वेकडे सरकत येते, तिच्या अंगावर गावाच्या वर ती प्रसिद्ध लेणी आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात ती कोरली गेली असावीत, असे विद्वानांचे मत आहे. प्रवासी तेथे जातात ते दर्शनी खांबांवरील हत्ती, घोडे व त्यांवर बसलेली जोडपी पाहण्यासाठी. सुताराची नजर मात्र छताकडे जाते. चैत्यगृहाच्या कमानदार छताला पूर्वी लाकडी फासळ्या होत्या. कार्ल्यास त्या अद्याप शाबूत आहेत; बेडशास गेल्या आणि त्यांच्या खुणा तेवढ्या उरल्या. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत, ते लाकडी घराच्या मेढी जशा आत कलवून रोवतात तसे. दगडाला असे झुकण्याची काही गरज नव्हती. लाकडात काम करणाऱ्यांचा हात दगडात उतरला, एवढाच त्याचा अर्थ. आमचे थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे वडील बंधू, आम्हां मुलांना लेण्यात नेऊन हेच दाखवीत, आणि "छिन्नी पाथरवटाची, पण अक्कल आपली," असे म्हणून हसत. पाथरवट बांधवांनी राग मानू नये.

या लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली आहेत. चैत्यगृहाच्या दाराशी नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुसणक याचे दान नोंदलेले आहे. पाण्याच्या टाक्यापाशी महारठिनी सामडिनिका हिचे नाव आहे. कारागिराचे नाव बेडशास नाही. ते कार्ल्यास आहे. तेथील चैत्याचे द्वार धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, केले, असे तेथील लेख सांगतो. मावळात ज्याचे नाव लेखी सापडते असा इतका जुना दुसरा सुतार आम्हांस ठाऊक नाही, आणि तो परगावाहून आलेला होता. त्याने नावाबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवल्या: बापाचे नाव, गाव आणि धंदा. या तीन गोष्टींकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहोत.

बेडशातील आमच्या घरचे काम बलुत्याचे होते. बलुत्याची पद्धत जुन्या मंडळींस सांगावयास नको, पण नव्या पिढीस ती ऐकूनही ठाऊक नसते. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गांव-गाडा' या ग्रंथात तिचे जे वर्णन केले आहे ते ज्ञातीच्या प्रत्येक घरात वाचले जावे, मग त्यांची काही मते पटोत अथवा न पटोत. सुतार बहुधा थोरल्या ओळीतील बलुतेदार. वर्षभर कुणब्याचा नांगर, जू, रुमणे, हळस यांची निगा राखावयाची, गाडीचे चाक भरावयाचे, आणि भात झोडल्यावर खळ्यावर जाऊन आपल्या हक्काच्या पेंढ्या आणावयाच्या. रोकड फारशी हाती येत नसे. मात्र उपाशीही कोणी राहत नसे. या हक्काचा एक गुण असा की तो गावाशी बांधलेला असे, आणि दोषही तोच. बलुतेदार घर गाव सोडून जाऊ शकत नसे. गेले तर हक्क दुसऱ्याकडे जाई. घरात दोन भाऊ झाले म्हणजे पेंढ्या दुप्पट होत नसत.

अशा गावाजवळून लोहमार्ग गेला. बोरघाटाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे ही गाडी चालू झाली, परंतु घाट पुरा होण्यास १८६३ चा एप्रिल उजाडला. मधल्या पाच वर्षांत उतारू घाटापुरते पालखीतून, घोड्यावरून किंवा पायी जात आणि खाली पुन्हा गाडीत बसत. काम ऐन भरात असताना एकाच वेळी चाळीस हजारांवर माणूस त्या घाटात राबत होते. पटकीने व अपघातांनी त्यांपैकी किती मेले याचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही. बोगद्यांच्या व पुलांच्या कमानी बांधताना खाली लाकडी आधार उभारावे लागतात. त्या कामावर आमच्या घरातील एक पुरुष गेला होता, अशी सांगी आहे. तो रोज संध्याकाळी मजुरी रोख घेई, याचेच घरच्यांना अप्रूप वाटे. त्याने पैसा आणला, पण घर हलले नाही. काम संपताच तो बेडशास परत आला आणि पुन्हा पेंढ्यांवर बसला.

घर हलले ते पुढे साठ वर्षांनी. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९१५ साली माटुंग्यास डब्यांचा कारखाना काढला. परळचा तिचा इंजिनांचा कारखाना १८७९ पासून होताच. त्या काळी उतारूंच्या डब्यांचे अंग सागवानी असे. दारे, खिडक्या, बाके, छताची पट्टी हे सगळे सुतारकाम. लोहाराला जितकी मागणी तितकीच आपल्या माणसाला. त्याच सुमारास १९१८ साली अवर्षण झाले आणि त्या पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. बेडशातील खळ्यांवर त्या वर्षी पेंढ्या मोजण्यासारखे काही उरले नव्हते. १९१९ मध्ये आमचे आजोबा कामशेतला गाडीत बसले.

निघण्यापूर्वी दोघा भावांत वाटणी झाली. कागद झाला नाही. पण शब्दन्‌ शब्द घरात पाठ आहे, आणि आम्ही तो थोरल्या व धाकट्या अशा दोन्ही घरांतून ऐकला आहे. गावचे बलुते, घर आणि डोंगराच्या पायथ्याचा नाचणीचा तुकडा थोरल्याकडे. त्याबद्दल थोरल्याने दरसाल सुगीनंतर दोन मण तांदूळ मुंबईस पोचवावयाचा, धाकट्याची नोकरी कायम होईपर्यंत. हत्यारांचीही वाटणी झाली. वाकस व सामता गावी राहिले, कारण नांगराला ते लागणार. रंधा, पटाश्या व गुण्या मुंबईस गेले. करवत एकच होती. ती थोरल्या आजोबांनी आपण होऊन भावाच्या पिशवीत घातली व पुढे वर्षभर शेजारच्या वाडीतून करवत मागून आणून काम केले. हा करवतीचा उल्लेख धाकट्या घरच्या सांगीत नाही. तो थोरल्या घरच्या सांगीतच आहे. असो.

माटुंग्यास आजोबा एकटे नव्हते. मावळातील पाचसहा गावांचे नऊ पुरुष एका खोलीत राहत. पाळ्या निरनिराळ्या असल्याने एका वेळी सारे आत नसत, म्हणून ते जमे. जेवण एका बाईच्या खानावळीत. पुढे आजी आल्या तेव्हा त्याच खोलीच्या शेजारी वेगळी खोली मिळाली, आणि मग आजींनीच सात जणांची खानावळ चालविली. आमच्या घराच्या इतिहासात पहिली नियमित रोख शिल्लक पडली ती कारखान्याच्या पगारातून नव्हे. ती आजींच्या खानावळीतून पडली. दोन मणांचा करार नोकरी कायम होईपर्यंतचा होता. आजोबा १९२२ मध्ये कायम झाले. तांदूळ मात्र १९४१ पर्यंत येत राहिला. आंबेमोहोराचे ते पोते कामशेतहून कोणी ना कोणी घेऊन येई, आणि "आता पाठवू नका" असे पत्र आमच्याकडून कधी गेले नाही.

आता शाळेकडे वळू. मुंबईत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० चा, आणि १९२५ पासून एफ व जी या दोन वॉर्डांत तो अमलात आला. परळ, दादर, माटुंगा ही आपल्या लोकांची वस्ती नेमकी त्यांत पडली. आमचे वडील तेव्हा सात वर्षांचे व आत्या नऊ वर्षांच्या. आत्यांचे नाव शाळेत घालण्याचे आजोबांच्या मनात नव्हते. सक्तीचा माणूस दारात आला म्हणून ते घातले गेले, आणि चौथीनंतर काढून घेतले गेले. त्या चार इयत्तांच्या बळावर पुढे सबंध चाळीची पत्रे आत्याच लिहीत. बेडशास गेलेली पत्रेही त्यांच्याच हातची.

वडिलांचे पहिले वर्ष वाईट गेले. मावळी मूल "हो" म्हणत नाही, "व्हय" म्हणते. एका गुरुजींनी वर्गात त्याची नक्कल केली आणि वर्ग हसला. वडील पंधरा दिवस शाळेचे नाव काढीनात. दिवसभर ते कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून राहत व संध्याकाळी आजोबांबरोबर घरी येत. आजोबांनी त्यांना मारले नाही आणि समजूतही घातली नाही. त्यांनी एक काम केले. कारखान्यातून एक टाकाऊ नकाशा आणला, डब्याच्या खिडकीचा, आणि तो मुलापुढे पसरून विचारले, "ह्यात काय लिवलंय सांग." स्वतः आजोबांना अक्षर येत नव्हते, साहेब नकाशावर बोट ठेवून जे सांगे ते ते पाहून करीत. मुलाला आकडे वाचता आले, अक्षरे अर्धीच आली. उरलेली अक्षरे शिकण्यासाठी मुलगा पुन्हा शाळेत गेला.

दुसऱ्या एका शिक्षकांनी त्याचा चित्रकलेचा हात ओळखला, याचीही नोंद केली पाहिजे. वडील सरकारी चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९३६ मध्ये कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना कोणती शाळा होती, असे आपल्या सभांतून अभिमानाने विचारले जाते. कारागीर घरात जन्मलेला तो पुरुष असामान्य होता, आणि कोल्हापूरसारखी कलावंतांची कदर करणारी नगरी त्याच्या भोवती होती. सामान्य मुलाला परीक्षेचा कागद लागतो.

त्या कागदाची किंमत १९५५ नंतर कळली. त्या वर्षी मद्रासजवळ पेरांबूर येथे सरकारी कारखान्यात पोलादी डबे तयार होऊ लागले. लाकडी डबे एका दिवसात गेले नाहीत. जुन्यांची दुरुस्ती पुष्कळ वर्षे चालली. पण नवे सागवान येणे कमी होत गेले. जे केवळ हाताने काम करीत ते त्याच जागेवर म्हातारे झाले, आणि त्यांच्या मुलांना तेथे जागा नव्हती. ज्यांना नकाशा वाचता येत होता ते पत्र्याच्या व जोडणीच्या विभागांत गेले. वडील त्यांत होते. आम्हां भावंडांचे शिक्षण त्यामुळे झाले, आणि या स्मरणिकेच्या एका जुन्या अंकात वडिलांचे छायाचित्रही आले. खालचा मजकूर आरंभी सांगितला तसाच.

त्याच काळात बेडशास काय चालले होते? थोरल्या आजोबांना एकच मुलगा, म्हणजे आमचे चुलते. ते वडिलांहून दोन वर्षांनी लहान. जवळच्या गावी लोकल बोर्डाची शाळा होती, तेथे त्यांचे नाव घातले होते. परंतु मावळात शाळा सुरू होण्याची वेळ व पावसाळ्याची वेळ एकच. आणि भाताच्या चिखलणीत नांगर मोडला तर तो त्याच दिवशी दुरुस्त झाला पाहिजे. बलुतेदाराच्या घरी दोन पुरुष हवेत, एक वाकस चालविणारा व एक लाकूड धरणारा. दुसरा पुरुष माटुंग्यास गेला होता. म्हणून लाकूड धरण्यास मुलगा बसला. दुसरी इयत्ता झाल्यावर ते शाळेत गेले नाहीत. चित्रकलेचा हात चुलत्यांचाही होता. त्यांनी कोरलेले दाराचे एक चौकट-पान आम्ही पाहिले आहे. लेण्यातील जाळीची नक्कल त्यात हुबेहूब साधली आहे.

किर्लोस्करांचा लोखंडी नांगर देशावर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच पसरू लागला होता. मावळच्या भातखाचरांत लाकडी नांगर पुष्कळ उशिरापर्यंत टिकला, त्यामुळे चुलत्यांचे काम टिकले. पण पेंढ्या कमी होत गेल्या. पुढे पवनेवर धरण झाले. ते १९७२ मध्ये पुरे झाले. बेडसे बुडाले नाही. वरच्या अंगाची गावे गेली. चुलत्यांची सासुरवाडी त्यांत होती. तेही बलुत्याचे घर. नुकसानभरपाईचा हिशेब जमिनीच्या खात्यावर होतो. बलुत्याचा हक्क कितीही पिढ्यांचा असला तरी तो सातबाऱ्यावर नसतो. कुणब्याच्या नावावर निदान कागद होता, त्याला दाद मागता आली. आपल्या माणसाचे गिऱ्हाईक गाव पाण्याखाली गेले आणि तो कोणाकडे काय मागणार? ते घर चुलत्यांकडे येऊन दोन वर्षे राहिले.

चुलत्यांच्या मुलाने मात्र वाट काढली. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला होता आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर तो सारा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. ओतकामासाठी आधी लाकडी साचे करावे लागतात, आणि ते काम सुताराचेच. आमचे हे चुलतबंधू कामशेतहून तेथे जाऊ लागले. ११ मार्च १९७८ रोजी पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हा घर न सोडता नोकरी करणे सोपे झाले. साठ वर्षांपूर्वी ती सोय असती तर आमची वाटणी झाली नसती, असे ते विनोदाने म्हणतात.

आता त्या तीन गोष्टी. २००० सालच्या कायद्याने जातीच्या दाखल्याची पडताळणी आवश्यक झाली आहे, आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आमच्या नातवाला अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावयाचा होता. आम्ही मुंबईची कागदपत्रे काढली. म्युनिसिपल शाळेच्या रजिस्टरात वडिलांचे आडनाव 'बेडसेकर', कारण नाव घालताना गाव विचारले गेले आणि तेच आडनाव म्हणून लिहिले गेले. जातीच्या रकान्यात 'हिंदू' एवढेच. कारखान्याच्या हजेरीपटावर 'मिस्त्री'. गावचे आडनाव तिसरेच. तीन पिढ्या शिकलेले आमचे घर, पण आपण कोणाचे, कोठले व कोणत्या धंद्याचे हे सांगणारा एक धड कागद आमच्याजवळ नव्हता. धेनुकाकटच्या सामीने जे दगडावर लिहिले ते आम्ही शाईनेही लिहून ठेवले नव्हते.

आम्ही बेडशास गेलो. चुलते तेव्हा हयात नव्हते. चुलतबंधू आमच्याबरोबर एक दिवस मोडून त्या जुन्या शाळेत आले. तेथील रजिस्टर वाळवीने कडेला खाल्लेले होते, तरी नोंद वाचता आली. १९२८ साली नाव घातलेले. पूर्ण नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव बेडसे, जात हिंदू सुतार. वंशावळ जोडून तीच नोंद आमच्या नातवाच्या अर्जास लागली आणि त्याचा दाखला वैध ठरला. चुलत्यांची दोन इयत्तांची शाळा आमच्या घरच्या चौथ्या पिढीच्या कामी आली. नक्कल उतरून देताना मुख्याध्यापकांनी सगळे रकाने मोठ्याने वाचून दाखविले. शाळा सोडल्याची तारीख ऐन आषाढातील होती, आणि शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात 'घरी लाकूडकामास' असे लिहिले होते.